वणवा विझवायला जाणाऱ्याला काय काय यायला हवं? अकोल्याच्या डोंगरांपासून नागझिऱ्यापर्यंतचे धडे

८ एप्रिल २०२१. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा पेटला होता. वनविभागाचे कर्मचारी आणि हंगामी मजूर आग विझवत होते. आग आटोक्यात आल्यासारखी वाटत असतानाच वाऱ्यामुळे ती पुन्हा भडकली. तीन मजुरांचा होरपळून मृत्यू झाला आणि दोघे गंभीर जखमी झाले.

मरण पावलेले तिघेही हंगामी मजूर होते. वणव्याच्या बातमीत किती हेक्टर जंगल जळालं हे येतं, पण ते विझवायला कोण गेलं आणि त्यांना काय शिकवून पाठवलं होतं, हा प्रश्न बहुतेक वेळा मागे राहतो.

हा प्रश्न फक्त विदर्भातल्या घनदाट जंगलांपुरता नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीच्या रांगांपासून नगर आणि पारनेर तालुक्यांतल्या गवताळ डोंगरांपर्यंत, उन्हाळ्यात पेट घेऊ शकेल असं रान भरपूर आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात धोका कुठे आहे?

क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा असलेला हा जिल्हा बराचसा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. त्याचा पश्चिमेकडचा कोपरा मात्र वेगळा आहे. अकोले तालुक्यात राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदरा आणि सांदण दरी याच तालुक्यात आहेत. १९८६ मध्ये जाहीर झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे. हिरड्याची झाडं, शेकरू आणि करवंदांच्या जाळ्या असलेल्या या जंगलावर महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या अनेक कुटुंबांचं पोट अवलंबून आहे.

पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस पडतो. कंबरभर गवत वाढतं. दिवाळीनंतर ते पिवळं पडायला लागतं आणि फेब्रुवारीपर्यंत कडकडीत वाळतं. म्हणजे जितका चांगला पाऊस, तितका उन्हाळ्यात जळायला माल जास्त.

दुसऱ्या टोकाला कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. ते अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. अशा लहानशा गवताळ अभयारण्यात वाऱ्यावर पसरलेली आग रोखायला फार वेळ मिळत नाही. हरणांना पळून जायलाही आजूबाजूला शेतंच असतात.

महाराष्ट्रात साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधीच तयारी संपवायची असते.

वणवा लागतो कसा?

आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसामुळे लागतात. काही मुद्दाम लावले जातात, काही निष्काळजीपणामुळे पेटतात. अकोल्यासारख्या भागात त्याची कारणं ठरलेली आहेत.

• भात लावणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि फांद्या जाळून राब भाजतात. वाऱ्याच्या वेळी भाजलेला राब बांध ओलांडून रानात शिरू शकतो.
• शेताचे बांध आणि काडीकचरा पेटवला जातो.
• गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने फुटतं, अशी जुनी समजूत आहे. जळलेल्या जागी पहिल्या पावसानंतर हिरवळ लवकर दिसते हे खरं. पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती त्याच पावसात वाहून जाते आणि झाडांची लहान रोपं जळालेली असतात.
• मध काढताना धूर करण्यासाठी पेटवलेला टेंभा तसाच टाकला जातो.
• पर्यटकांच्या शेकोट्या, चुली आणि विडी-सिगारेटची थोटकं.

जंगलात अशी आग लावणं कायद्यानेही गुन्हा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावण्यास मनाई आहे. अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० खाली येतं. वन अधिनियमात आणखी एक तरतूद आहे, जी गावात फारशी कोणाला माहीत नसते. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क शासन काही काळ स्थगित करू शकतं. म्हणजे काडी एकाने लावायची आणि भोगायचं सगळ्या गावाने.

आग विझवायला कोण जातं?

शहरात आग लागली की अग्निशमन दलाचा बंब येतो. डोंगरात बंब पोहोचत नाही. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर किंवा बारीहून कळसूबाईवर जायची वाट पायीच चढावी लागते. तिथे पाण्याचा पाइप नेता येत नाही.

त्यामुळे पहिली धाव वनरक्षकाची असते. त्याच्याकडे एक नियतक्षेत्र सोपवलेलं असतं. त्याच्या वर वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकारी असतात. सोबत वनमजूर आणि उन्हाळ्यापुरते घेतलेले हंगामी मजूर. मग गावातली संयुक्त वन व्यवस्थापन समिती, गावातले तरुण आणि कधी कधी त्या दिवशी गडावर असलेले ट्रेकर.

या साखळीत प्रशिक्षण मात्र सारखं नसतं. वनरक्षकाला भरतीवेळी धावण्याची आणि लांब पल्ल्याच्या चालण्याची चाचणी द्यावी लागते आणि नंतर त्याचं वन प्रशिक्षण होतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांसाठी सांगली जिल्ह्यातल्या कुंडलची प्रबोधिनी आणि चंद्रपूरची वन अकादमी अशा संस्था आहेत. हंगामी मजूर आणि गावकरी यांच्याकडे असतो तो रानाचा अनुभव. तो अनमोल आहे, पण नागझिऱ्यासारख्या दुपारी तेवढा पुरतोच असं नाही. म्हणूनच हंगामाआधीचं दोन-तीन दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण सर्वात जास्त उपयोगाचं ठरतं ते या शेवटच्या फळीसाठी.

पहिला धडा: आग कशी वागते?

आगीला तीन गोष्टी लागतात: जळाऊ पदार्थ, ऑक्सिजन आणि उष्णता. यातली एक काढली की आग विझते. रानात ऑक्सिजन काढता येत नाही आणि पाणी कमी असतं. त्यामुळे बहुतेक वेळा जळाऊ पदार्थच बाजूला करावा लागतो. वणवा विझवणं म्हणजे मुख्यतः आगीच्या वाटेतलं गवत आणि पाला हटवणं.

आगीची चाल तीन गोष्टींवर ठरते.

पहिली, जळण. वाळलेलं गवत काही सेकंदांत पेटतं आणि आग भराभर पुढे नेते. जाड ओंडका उशिरा पेटतो, पण रात्रभर धुमसत राहतो.

दुसरी, हवामान. दुपारी हवा कोरडी आणि तापलेली असते, वारा वाढतो. सकाळी शांत वाटणारी आग दुपारी दोन वाजता तशीच राहील असं गृहीत धरता येत नाही.

तिसरी, उतार. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. ऑस्ट्रेलियात वापरला जाणारा ढोबळ नियम असा की, चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. सह्याद्रीच्या उतारांवर याचा अर्थ सरळ आहे: आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही आणि चढावर पळून आगीला हरवता येत नाही. दोन सोंडांमधली अरुंद घळ तर धुराड्यासारखी काम करते. खाली आग असेल तर घळीत उतरणं किंवा तिथून चढणं सर्वात धोक्याचं.

हा धडा जगाने मोठी किंमत देऊन शिकला आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत विमानातून उतरलेले अग्निशामक गवताळ चढावर आगीपुढे पळाले. १३ जण मरण पावले. त्यांच्या प्रमुखाने स्वतःच्या पुढचं गवत पेटवून दिलं, त्या राखेत तो पालथा पडून राहिला आणि वाचला. आपल्या देशातही ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकरचा गट वणव्यात सापडला आणि २० हून अधिक जणांचा जीव गेला. तिथेही डोंगर होता, वाळलेलं गवत होतं आणि मार्च महिना होता.

दुसरा धडा: आगीला हात लावण्याआधीच्या चार गोष्टी

अमेरिकेतले अग्निशामक पॉल ग्लिसन यांनी १९९१ मध्ये सुरक्षेचे सगळे नियम चार शब्दांत बसवले. आज जगभर रानातली आग विझवणाऱ्यांना ते सुरुवातीलाच शिकवतात.

१. टेहळणी: एक जण आग विझवत नाही. तो उंच, सुरक्षित जागी उभा राहून फक्त आगीवर आणि वाऱ्यावर नजर ठेवतो. खाली काम करणाऱ्यांना धुरात काही दिसत नसतं.

२. संपर्क: टेहळणी करणारा, गटप्रमुख आणि प्रत्येक माणूस एकमेकांशी बोलू शकला पाहिजे. घाटमाथ्यावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून वॉकीटॉकी, शिट्टी किंवा आधी ठरवलेली आरोळी लागते. ‘मागे फिरा’चा इशारा एकच असावा आणि तो सगळ्यांना पाठ असावा.

३. सुटकेची वाट: एक नव्हे, किमान दोन. त्या चालून पाहिलेल्या असाव्यात आणि शक्यतो चढाच्या नसाव्यात.

४. सुरक्षित जागा: जिथे जळायला काही नाही अशी मोकळी जागा. आधीच जळून थंड झालेला भाग, नांगरलेलं शेत, रुंद कातळ, धरणाचा काठ. गवतात उभा असलेला एखादा मोठा दगड म्हणजे सुरक्षित जागा नव्हे.

या चारपैकी एक जरी नसेल तर काम सुरू करायचं नाही. गटातल्या सर्वात नव्या मजुरालाही ‘इथे धोका आहे’ म्हणायचा हक्क असला पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकून गट मागे फिरला पाहिजे.

तिसरा धडा: आग विझवायची कशी?

जाळरेषा: हे हंगामाआधीचं काम. जंगलाच्या कडेने, रस्त्यांच्या आणि वाटांच्या बाजूने ठरावीक रुंदीचा पट्टा गवत कापून, लोकांच्या देखरेखीखाली जाळून साफ केला जातो. पुढे आग आली तर तिला तिथे जळायला काही मिळत नाही. जाळरेषेवर नंतर पडलेला पालापाचोळा हंगामभर झाडत राहावा लागतो. एकदा काढून विसरलेली जाळरेषा निरुपयोगी असते.

झोडपणं: गुडघ्याच्या खालची ज्वाळा असेल तर हिरव्या डहाळ्यांनी किंवा लांब दांड्याच्या रबरी झोडपणीने ती दाबून विझवता येते. डहाळी जोरात उचलून आपटली तर ठिणग्या उडतात. ती दाबून, जळालेल्या बाजूकडे ओढायची असते.

ब्लोअर: पाठीवरच्या यंत्राने पाला बाजूला उडवून काही मिनिटांत जाळरेषा तयार होते. राज्यात वनविभाग ही यंत्रं वापरतो. मात्र त्यात पेट्रोल असतं. आगीजवळ टाकी भरायची नाही आणि हवेचा झोत पेटत्या गवताकडून न जळालेल्या गवताकडे मारायचा नाही.

सुरुवात कुठून? नेहमी जळालेल्या भागाकडून. आगीच्या तोंडासमोर उभं न राहता मागून आणि बाजूंनी ती चिमटीत धरत पुढे जायचं. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या असतील तर जवळ जाण्यात अर्थ नाही. अशा वेळी पुढे, दूरवर, रस्ता किंवा ओढा बघून तिथे नवी जाळरेषा काढली जाते. समोरून उलटी आग लावण्याचा प्रकार अनेकांनी पाहिलेला असतो. तो अनुभवी अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय कोणीही करू नये. दोन आगींच्या मध्ये आपलाच माणूस सापडू शकतो.

शेवटची राख: ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे वणवा विझला असं नाही. कडेचे ओंडके, खोडाच्या ढोल्या, वाळलेलं शेण यांत निखारे राहतात. उलट्या हाताने जवळून ऊब तपासत, माती उकरत, पाणी किंवा माती टाकत कडेकडेने फिरावं लागतं. नंतर काही तास पहाराही ठेवावा लागतो. विझल्यासारखी वाटणारी आग वाऱ्याच्या एका झोताने पुन्हा उठते.

अंगावर काय असावं?

हे सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित प्रशिक्षण आहे.

• पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि सुती पॅन्ट. नायलॉन, पॉलिस्टर, ट्रॅकपॅन्ट नकोच. ते वितळून कातडीला चिकटतं.
• घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट. चप्पल किंवा रबरी सँडल घालून आलेल्याला परत पाठवावं.
• हेल्मेट, हातमोजे, डोळ्यांना गॉगल.
• प्रत्येकाकडे स्वतःचं पाणी. जड काम करताना तासाला साधारण एक लिटर लागतं. सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस.
• बॅटरी, शिट्टी, कोयता.

तोंडाला बांधलेला रुमाल राख अडवतो, पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आहेत. असा माणूस लगेच स्वच्छ हवेत न्यावा. घाम थांबून अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात असू शकतो. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं, वाहतं पाणी सोडावं. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

शरीराची तयारीही मोजली जाते. अमेरिकेत रानातली आग विझवणाऱ्याला सुमारे २० किलो वजन पाठीवर घेऊन ४.८ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं आणि सुरक्षेची उजळणी दर वर्षी करावी लागते. अकोल्यातला राखणदार रोज डोंगर चढतो, त्याला चालायला शिकवायची गरज नाही. पण दर वर्षी जानेवारीत एकदा सगळ्यांनी एकत्र येऊन इशारे, वाटा आणि साहित्य तपासणं, ही उजळणी इथेही तेवढीच लागते.

उपग्रह सांगतो, मग पहारा कशाला?

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांच्या सूचना राज्यांना देते. आता ३७५ मीटरपर्यंतच्या बारकाव्याने आग टिपणारी व्यवस्था वापरली जाते आणि सूचना एसएमएसने थेट क्षेत्रीय कर्मचाऱ्यांपर्यंत जाते. सर्वसामान्य नागरिकही संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आपल्या भागातल्या सूचना मिळवू शकतात.

पण उपग्रह दिवसभर एकाच जागेवर बघत बसत नाही. तो ठरावीक वेळी वरून जातो. तो गेल्यावर पेटलेली आग पुढच्या फेरीपर्यंत त्याला दिसत नाही. तोवर गवत अख्खी सोंड जाळून मोकळं होतं. आग लहान असताना बघणारा डोळा गावातलाच असतो.

गाव काय करू शकतं?

हिवरे बाजारचं उदाहरण जिल्ह्यातलंच आहे. तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे, पण गवत विळ्याने कापून नेता येतं. या पद्धतीची ओळख चारा आणि पाणलोटासाठी आहे, तरी तिचा आणखी एक फायदा आहे: कापून घरी गेलेलं गवत डोंगरावर जळत नाही. चारा म्हणून वापरलेला प्रत्येक भारा म्हणजे वणव्याचं कमी झालेलं जळण.

याशिवाय प्रत्येक गावाला करता येण्याजोग्या गोष्टी:

• राब आणि बांध भाजायचे असतील तर वनरक्षकाला कळवून, वारा नसताना, भोवतीचं गवत काढून, पाणी आणि चार माणसं जवळ ठेवून भाजावं. पूर्ण विझल्याशिवाय हलू नये.
• हंगामाआधी ग्रामसभेत वणव्याचा गट ठरवावा: प्रमुख कोण, टेहळणी कोण करणार, साहित्य कुठे ठेवलं आहे.
• पाणवठे, वाटा आणि सुरक्षित जागा दाखवणारा साधा नकाशा काढून ठेवावा.
• मुलांना आणि हौशी लोकांना व्हिडिओसाठी आगीजवळ जाऊ देऊ नये.

अभयारण्यात राहणाऱ्यांवर तर माहिती असलेली आग विझवण्याची कायदेशीर जबाबदारीही आहे. ज्यांच्यावर जबाबदारी आहे, त्यांना प्रशिक्षण आणि बूट मिळणं हाही तेवढाच साधा हिशेब आहे.

तुम्ही ट्रेकला गेला आहात आणि धूर दिसला, तर?

आधी स्वतःची सुटका. चढावर पळू नका, घळीत शिरू नका. वाऱ्याचा अंदाज घेऊन आगीच्या बाजूने, खाली किंवा मोकळ्या कातळावर या. जळून थंड झालेला भाग सर्वात सुरक्षित असतो.

मग कळवा. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ आहे. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे भंडारदऱ्याचं विल्सन धरण पूर्ण झालं तेही वर्ष १९२६. रेंज मिळेल तिथून ११२ वरही फोन करता येतो.

फोनवर सहा गोष्टी सांगा: जागेचं नाव किंवा जवळचं गाव, आग साधारण किती मोठी आहे, ती कोणत्या दिशेला सरकते आहे, वारा कसा आहे, पुढे वस्ती किंवा माणसं आहेत का, आणि तुम्ही कुठे आहात. या सहा उत्तरांवरून वनपरिक्षेत्र अधिकारी किती माणसं, कोणत्या वाटेने पाठवायची हे ठरवतो. चुकीच्या वाटेने गेलेला गट आगीच्या वर निघू शकतो.

व्हिडिओ नंतरही टाकता येईल. आधी फोन करा, कारण त्या फोननंतर चप्पल बदलून, कोयता घेऊन डोंगराकडे निघणारा माणूस बहुधा त्याच गावातला हंगामी मजूर असतो.